गाइडाची पोरगी

आल्प्समधल्या शामोनीत, डोंगरवाटा दाखवणाऱ्या गाइडाच्या घरी जन्मलेलं पोर पाळण्यातून थेट स्कीवरच उतरतं, असा लोकांचा समज. असेना का! पण ओदीलबाईंनी चीजच्या दुकानात बसून वर्षानुवर्षं तो समज पोसला. गोष्टी वडिलांच्या, त्यात "आम्ही" तेवढं यांनी घुसडलेलं. स्वतः बाई आखलेल्या उताराबाहेर कधी गेल्या नव्हत्या.

भाचा रेमीही गाइड. बाईंच्या साठीला तो म्हणाला, "आत्या, यंदा माझ्याबरोबर हिमनदीवरून स्कीने उतरायचं." आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने?

रोपवेच्या वरच्या स्टेशनाच्या बर्फाळ बोगद्यात रेमीच्या गटातले सगळे कमरेचे पट्टे बांधत होते. हिमनदीच्या भेगेत कुणी पडलं, तर त्याच पट्ट्याला दोर अडकवून वर ओढायचं असतं.

"आत्या, योरिसला दाखव गं जरा!" रेमी दोर सोडवता सोडवता ओरडला.

योरिस बेल्जियमचा शाळामास्तर. ओदीलबाईंनी त्याचा पट्टा बकलातून ओवला, खेचला आणि पाठीवर थाप मारली. "झालं! त्यात काय एवढं?"

रेमी तपासत आला. त्याने हिसका देताच योरिसचा पट्टा सुळकन निसटला.

"मास्तर, टोक परत उलटं कोण ओवणार? तुमचे तीर्थरूप? भेगेत पट्टा वर राहिला असता आणि तुम्ही खाली!"

"चुकलं माझं," योरिस म्हणाला. बाईंकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

ओदीलबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोल की गं, मेले! पण तोंड उघडेना.

रेमीने योरिसचा पट्टा नीट बांधला, बाकीच्यांचे ओढून पाहिले आणि बाईंना ओलांडून पुढे गेला. "तुझं काय बघायचं, आत्या! गाइडाची पोरगी तू."

बोगद्याच्या तोंडाशी पलीकडची चिंचोळी डोंगरधार दिसली, तिच्या दोन्ही बाजूंना नुसती पोकळी. बाईंनी स्वतःचा पट्टाही योरिससारखाच बांधला होता.

"रेमी, माझाही बघ. योरिसचा मीच बांधला होता. मला येत नाही रे. मी इथं कधी आलेच नाही."

रेमीने त्यांचा पट्टा ओढला. तो निसटला. त्याने खाली बसून टोक परत उलटं ओवलं आणि घट्ट आवळलं. कुणी हसलं नाही.

"बरं झालं, वेळेवर बोललात," योरिस म्हणाला. मनापासून म्हणाला बिचारा.

वेळेवर! त्याची इज्जत जात होती तेव्हा त्या गप्प होत्या. तोंड उघडलं ते स्वतःच्या जिवावर बेतलं तेव्हा.