लेफ्ट फील्डला कोण

मैदानाच्या लाकडी भिंतीवर गावच्या कॅटफिश या बेसबॉल संघाचे आजवरचे सर्वोत्तम नऊ खेळाडू रंगवायचे असं हार्पर्स बेंडच्या नगर समितीनं ठरवलं, आणि ते नऊ निवडायला तीन म्हातारे नेमले. एक वेंडेल प्रोहास्का, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. दुसरा हार्लन डब्ज, मक्याची शेती मुलाच्या हवाली करून दिवसभर त्याच्या चुका काढणारा. तिसरा मी, वर्लिन स्टकी. अंत्यविधीचं दुकान वडिलांचं, आता माझं. तरुणपणी मी कॅटफिश संघाचा राखीव कॅचर होतो, म्हणजे बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खायचो.

बैठक माझ्या दुकानात भरली. जुलैच्या उकाड्यात आयोवातल्या आमच्या गावात खात्रीचा गारवा माझ्याकडेच असतो. का, ते सांगायला नको. शिवाय बहुतेक उमेदवारांना शेवटचा कोट मीच चढवलेला, त्यामुळे त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचा मला हक्क होता.

सुरुवात सुरळीत झाली. पिचर म्हणून ओटो ब्रांट, यावर दुमत नव्हतं. तो शुद्धीत असला की त्याचे चेंडू कुणीही ठोकायचा. प्यायला असला की चेंडू कुठे जाणार हे त्यालाही माहीत नसायचं, मग समोरच्याला कुठून असणार. फर्स्ट बेसला लिंडक्विस्ट भावांपैकी जाडा घेतला, कारण त्याच्या अंगावर आलेला चेंडू कुठे ना कुठे अडकायचाच. मधल्या मैदानात फादर मुल्डून. झेल सुटला की ते अशा शिव्या द्यायचे की पाहुण्या संघातले लोक रविवारी मुद्दाम त्यांचं प्रवचन ऐकायला यायचे आणि निराश होऊन जायचे. कॅचर ठरवताना माझं नाव कुणी काढलं नाही. मी खाकरून पाहिलं, तेवढंच.

शेवटी लेफ्ट फील्ड, म्हणजे मैदानाची डावी बाजू, उरलं आणि तिघंही कॉफीच्या कपात बघायला लागलो.

त्या जागेला दोनच नावं होती. हार्लन स्वतः, आणि डेल क्रांट्झ. हार्लनचा गुडघा गेला तेव्हा डेलनं त्याची संघातली जागा घेतली. पुढच्या वर्षी घरातलीही घेतली. हार्लनची बायको आर्डिस डेलबरोबर ओमाहाला निघून गेली. मागच्या शरदात डेल पेटीतून गावी परतला आणि त्याच्या मागोमाग आर्डिसही आली. धान्याच्या कोठाराजवळ तिनं छोटं घर घेतलं. डेलला मी पुरला. हार्लन अंत्यविधीला आला नाही, पण भलंमोठं हॅम पाठवलं. ते शोकाचं होतं की आनंदाचं, यावर गाव अजून बोलतं.

"माझं मत डेलला," वेंडेल म्हणाला. "आकडे बघ हार्लन, राग मानू नकोस. बॅट हातात घेतली की तो तुझ्यापेक्षा कितीतरी पुढे होता."

"माझं मत हार्लनला," मी म्हणालो. "तो समोर बसलाय, आणि मला अजून या गावात राहायचंय."

म्हणजे निकाल हार्लनवर आला. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"मी स्वतःला मत देणार नाही. ते बरं दिसत नाही. आणि त्या हरामखोरालाही देणार नाही."

"अरे, मग करायचं काय?" वेंडेलनं विचारलं.

"आर्डिसला बोलवा. लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे ट्रक लावून तिनं आम्हा दोघांची एकूण एक मॅच पाहिलीय. तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही."

"जवळून म्हणजे किती जवळून, ते आपण या बैठकीत नको काढूया," मी म्हणालो. पण फोन मीच केला.

आर्डिस बागकामाचे हातमोजे हातात घेऊनच आली. शवपेट्यांच्या नमुन्यांवर एक नजर टाकून म्हणाली, "यातली कुठली माझी?" मग खुर्ची ओढून हार्लनच्या समोर बसली. ती गेल्यापासून इतक्या जवळून ती दोघं पहिल्यांदाच एकमेकांना बघत होती. हार्लनचा कान लाल झाला होता.

"डेल बॅटिंगला भारी होता," ती म्हणाली. "पण चेंडूमागे कधी धावायचा, तर लोक बघत असले तर. कुणी बघत नसलं की ढगांकडे बघत उभा. हार्लन, तू कुणी असो नसो, धावायचास. घरी मात्र खुर्चीतून उठत नव्हतास."

"मॅच खेळून दमायचो मी."

"हिवाळ्यात मॅच नसतात, हार्लन."

वेंडेलला खोकला आला. तो बराच वेळ गेला नाही.

"ते राहू दे," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "एवढंच सांग. आमच्या दोघांत चांगला कोण?"

आर्डिसनं हातमोज्यावरची माती झटकली. माझ्या गालिच्यावर.

"लेफ्ट फील्डला तू," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे डेल."

मला वाटलं, हा आता उठून जाईल. हार्लन मात्र मान डोलवत बसला. एखाद्यानं मक्याच्या गाडीचं वजन बरोबर सांगावं आणि ते पटावं, तशी.

"चालेल," तो म्हणाला. "वेंडेल, लिही. लेफ्ट फील्ड, हार्लन डब्ज. माझं मत मला."

"ते बरं दिसत नाही म्हणाला होतास."

"नाहीच दिसत. लिही."

आर्डिस उठली. दाराशी थांबून म्हणाली, "रंगवणाऱ्याला सांगा, पोट जसं होतं तसं काढ." आणि गेली.

चित्रकार शेजारच्या गावातली पोरगी होती, हुशार आणि आज्ञाधारक. तिला आम्ही जुने फोटो दिले. तरुण हार्लनचा नीट आलेला फोटो एकच सापडला, संघाचा, गुडघा जायच्या जरा आधीचा. त्यात नवा आलेला डेल शेजारी उभा होता, हार्लनच्या खांद्यावर हात टाकून. पोरीनं डेलला वगळलं. हात वगळायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅचच्या आधी भिंतीवरचं कापड निघालं तेव्हा सगळं गाव हजर होतं. नऊ पुरुष हसत उभे, आणि हार्लनच्या खांद्यावर मनगटापासून पुढचा एक पंजा, वाकड्या करंगळीसकट. डेलची ती करंगळी गावात सगळ्यांनाच ओळखीची होती. आर्डिसनं तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते, पण ती रडत होती की हसत होती, हे माझ्या जागेवरून कळेना. नगराध्यक्ष बाई घाईघाईनं हार्लनपाशी आल्या.

"उद्याच पुसून घेते," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं हे."

हार्लन भिंतीजवळ गेला. बराच वेळ त्या पंज्याकडे बघत राहिला. मी त्याच्या मागेच उभा होतो, कारण असल्या क्षणी माणसं कोसळतात आणि मला ती सावरायची सवय आहे.

"राहू द्या," तो म्हणाला. "जन्मभर माझ्या वस्तूंवर हात टाकत आला. आता सवय झालीय."

मग तो आर्डिसच्या बाकाकडे गेला आणि तिच्यापासून एक जागा सोडून बसला. खेळ सुरू झाला, आणि कॅटफिशची आत्ताची पोरं इतकं भिकार खेळली, की तिसऱ्या डावापासून दोघांनी मिळून त्यांना शिव्या घालायला सुरुवात केली.