बिल नंबर दोनशे बारा

गुरुवारी सकाळी दहा वाजता गिरीश देवस्थळी नाकात ऑक्सिजनची नळी आणि समोर पोहे अशा थाटात आयपॅडवर आपल्या मुलाला पाहत बसले होते. नळी पन्नास फूट लांब होती. ती फ्रिजपर्यंत पोचायची, बाथरूमपर्यंत पोचायची, फाटकाजवळच्या लेटरबॉक्सपर्यंत मात्र नाही. त्यामुळे आयुष्यभर पूल बांधलेल्या या इंजिनिअरचं जग दोन वर्षांपासून फ्रिज ते बाथरूम एवढंच उरलं होतं. नळीच्या दुसऱ्या टोकाचं मशीन कोपऱ्यात घरघरत असे. ते विजेवर चाले.

आयपॅडवर राज्याच्या विधानसभेची ऊर्जा व कृषी समिती भरली होती. (राज्य कुठलं ते सोडा, अमेरिकेतल्या पन्नासांपैकी कुठलंही धरा.) अध्यक्षाच्या खुर्चीत त्यांचा नील होता. विषय होता, राज्याचा अधिकृत मफिन कोणता असावा.

"पाऊण तास झाला," गिरीशराव म्हणाले. "ब्लूबेरीवाले अजून बोलतायत."

"आणि तुमचं बिल?" कांचनताईंनी विचारलं.

"ते नीलच्या खणात. मफिन नाही ना ते."

बिल, म्हणजे विधेयक, साधं होतं. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांची यादी वीज कंपनीने ठेवावी आणि वीज गेली की आधी त्यांच्याकडे पोचावं, इतकंच. गिरीशरावांनी डायनिंग टेबलावर अकरा आठवडे बसून त्याचा मसुदा केला होता. मग त्यांनी एक चूक केली, जी मराठी मध्यमवर्गीय माणूसच करू शकतो. मुलगा समितीचा अध्यक्ष असताना त्याच्याकडे बिल देणं म्हणजे वशिला, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी ते रीतसर आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे, लिंडा हॅलरकडे दिलं. लिंडा दुसऱ्या पक्षाची होती.

रविवारी नील आणि सून ऋता जेवायला आले, तेव्हा विषय निघालाच.

"बाबा, इट्स अ गुड बिल. रिअली," नील म्हणाला. "पण त्याच्यावर तिचं नाव आहे."

"मग खोड नाव. पेन देऊ?"

"तसं नसतं हो. अजेंड्यावर काय घ्यायचं ते चेअर ठरवतो. आणि दुसऱ्या पार्टीचं कुणीच घेत नाही."

"कुठल्या नियमात लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. दॅट्स जस्ट हाऊ इट्स डन."

अमेरिकेत रूढी नसतात असा आपल्याकडे समज आहे. असतात. तिथे त्यांना प्रोसीजर म्हणतात, आणि त्या सूट घालून पाळतात. एका पक्षाने स्पर्श केलेल्या कागदाचा दुसऱ्याला विटाळ होतो.

"ते पॉवरमध्ये होते तेव्हा माझी बिलं चार वर्षं खणात सडली, आई," नीलचा आवाज चढला. "फोर इयर्स! तेव्हा कुणाला फेअरनेस आठवला नाही."

कांचनताई तव्यावरची पोळी उलटत होत्या. लग्नानंतर तीन वर्षं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सगळ्यांच्या मागून, गार झालेलं वाढलं होतं. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: 'आम्हीही तसंच जेवलो.' कांचनताईंनी फुगलेली पोळी उचलून ऋताच्या ताटात टाकली.

"नील, या घरात सून गरम पोळी खाते. ते आपोआप नाही झालं. माझी पाळी आली तेव्हा मी ते थांबवलं, म्हणून झालं."

"आई, पॉलिटिक्स म्हणजे पोळ्या नाहीत."

"खरंय. पोळीला फुगायला कारण लागतं," गिरीशराव म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसताना त्यांना धाप लागली. सगळे मशीनकडे बघत राहिले.

"नेक्स्ट सेशन, बाबा," नील हळूच म्हणाला. "प्रॉमिस."

जानेवारीत बर्फाचा पाऊस झाला. तारांवर बोटभर जाड काच चढली आणि सकाळी नऊ वाजता वीज गेली. मशीन थांबलं. घर इतकं शांत झालं, की शेजारचा कुत्रा पाणी पिताना ऐकू यावा. जादाचा सिलिंडर सहा तासांचा होता. कांचनताईंनी कंपनीला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं त्यांना दुपारपर्यंत सांगण्यात आलं. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण उतारावर घसरून आडवी झाली होती. दुसरी वाटेत होती.

दोन वाजता समोरच्या शाळेच्या मैदानावर दिवे लागले. कंपनीने तिकडची लाइन आधी सुरू केली होती. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. कंपनीकडे यादीच नव्हती. रिकाम्या, गोठलेल्या मैदानावर स्कोअरबोर्ड झळकू लागला: यजमान शून्य, पाहुणे शून्य.

"मफिन कुठला ठरला गं शेवटी?" गिरीशरावांनी तुटक तुटक विचारलं.

"मक्याचा."

"चूक," ते म्हणाले.

चार वाजायच्या आत ते गेले. वीज पाच वाजता आली. मशीन आपोआप सुरू झालं आणि कुणाच्याही नाकात नसलेल्या नळीतून इमानेइतबारे ऑक्सिजन सोडू लागलं.

महिन्याभराने विधानसभेने गिरीशरावांना श्रद्धांजली वाहण्याचा ठराव केला. दोन्ही पक्षांनी मिळून मांडला. त्यासाठी नेहमीचे नियम बाजूला ठेवले गेले. नऊ मिनिटांत एकमताने मंजूर. ठरावाची सोनेरी फ्रेम घेऊन नील सभागृहात आईसमोर उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते.

"हा कुठल्या पार्टीचा?" कांचनताईंनी विचारलं.

"दोन्ही, आई. युनॅनिमस."

"म्हणजे जमतं तुम्हाला."

त्यांनी कोटाच्या खिशातून हात बाहेर काढले नाहीत. फ्रेम नीलच्याच हातात राहिली. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढून घेतला.

बाहेर लिंडाने त्यांना मिठी मारली. "नोव्हेंबरमध्ये आम्ही जिंकलो ना कांचन, की पहिल्याच दिवशी तुमचं बिल घेते."

"आणि नीलच्या लोकांची बिलं?"

"त्यांची?" लिंडा हसली. "आम्ही सोसलं. आता त्यांनाही कळू दे."

कांचनताईंच्या सासूबाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तरी आवाज तोच होता.

"मग तुमच्यात आणि माझ्या मुलात फरक काय?" त्यांनी शांतपणे विचारलं. लिंडा घड्याळ बघत निघून गेली. मागे फ्रेम घेऊन नील उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

सोमवारी ऊर्जा व कृषी समितीची विषयपत्रिका निघाली. पहिला विषय: बिल नंबर दोनशे बारा, मांडणार लिंडा हॅलर. मंगळवारी पक्षाच्या नेत्याने नीलला बोलावून विचारलं, टायपिंगची चूक आहे का? नील नाही म्हणाला. बुधवारी, कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून, त्याला अध्यक्षपदावरून मोकळं करण्यात आलं. नव्या अध्यक्षाने पत्रिका सुधारली. ब्लूबेरीवाल्यांनी फेरविचाराचा अर्ज केला होता, तो पहिला आला.

गुरुवारी सकाळी कांचनताई समितीच्या दालनात गेल्या. समितीपुढे बोलायचं असेल त्यांनी भरायची चिठ्ठी दारातल्या क्लार्ककडून घेऊन तिच्यावर नाव लिहिलं आणि 'विषय' या रकान्यात दोनशे बारा.

"मॅम, हे बिल आज यादीत नाही," क्लार्क म्हणाली.

"माहितेय. मी बसते."

त्या पहिल्या रांगेत बसल्या. थोड्या वेळाने शेजारच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. नील होता. त्याच्या हातात फ्रेम नव्हती. दोनशे बारा लिहिलेली चिठ्ठी होती.