पाचवं कडवं

एर्मिनआत्याचं घर यादीत नव्हतं, आणि यादी मी केली होती.

इंग्लिश मुलखातल्या आमच्या ल'आन्स-ग्रीज या जुन्या फ्रेंच गावात दोन फेब्रुवारीला, म्हणजे शांदलरच्या सणाला, रिबिनी बांधलेली काठी घेऊन माणसं घरोघर जातात. दाराबाहेर उभं राहून गाणं म्हणायचं. ते पुरं झालं की दार उघडतं, घरचे लोक काठीला आपली रिबीन बांधतात आणि पीठ, सलगम, खारवलेला कॉड मासा, जे असेल ते देतात. मग ते सगळं एकत्र शिजतं आणि सारं गाव जेवतं. गेली चाळीस वर्षं हे बंद होतं. यंदा वारसा समितीने पुन्हा सुरू केलं. त्यासाठी समितीचे अध्यक्ष रोमेओकाका यांना फ्रेंच बोलणाऱ्या घरांची यादी हवी होती. मी जीवशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच गावी परतले होते. मोजायचं काम मला आवडतं.

जुलैत मी आत्याच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं होतं, "घरात कोणती भाषा बोलता?"

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "इंग्लिश," ती म्हणाली. फ्रेंचमध्ये म्हणाली.

"आत्या, अगं!"

"इंग्लिश म्हटलं ना? लिही."

सांगितलं तेच लिहायचं, आपल्या मनाने दुरुस्ती करायची नाही, हा नियम मीच घालून घेतला होता. शाळेत फ्रेंच बोलली म्हणून या बाईच्या बोटांवर पट्ट्या बसल्यात, हे मला ठाऊक होतं. कागद घेऊन आलेल्या माणसाला आमची म्हातारी माणसं अजून इंग्लिशच सांगतात, हेही ठाऊक होतं. तरी मी लिहिलं.

आणि आता दुपारी दोन वाजता आम्ही वीस-बावीस जण तिच्या घरावरून सरळ पुढे चाललो होतो. तिने पायऱ्यांवरचा बर्फ काढून ठेवला होता. ती खिडकीत उभी होती. अंगात चर्चला जातानाचा निळा झगा.

"काका, थांबा. एर्मिनआत्या राहिली."

रोमेओकाकांनी कागद पाहिला. "यादीत नाही."

"यादी चुकलीय."

"तूच केलीस ना? अगदी शास्त्रीय पद्धतीने, म्हणत होतीस." मागे दोघंतिघं हसले. "चित्रीकरणवाले चारला निघणार. अजून सहा घरं बाकी आहेत. तिच्याकडे उद्या जाऊ, केक घेऊन."

"तिला ते गाणं पाठ आहे! तुम्हाला कागद लागतो!"

मी त्यांच्या हातातली काठी ओढून घेतली आणि आत्याच्या दाराकडे चालू लागले. काठी गेल्यावर त्यांना मागे यावंच लागलं.

कागदावर होती ती चार कडवी सगळ्यांनी म्हटली. दार उघडलं नाही.

"एर्मिनकाकू, उघडा की! गोठलो आम्ही!" रोमेओकाका ओरडले.

"कोण?"

"कोण काय? शांदलरची माणसं!"

"शांदलरची माणसं नऊ कडवी म्हणतात. चार झाली."

"वेळ कमी आहे हो, म्हणून जरा थोडक्यात..."

"वेळ कमी म्हणून पुढे निघालाच होतास. मला खिडकीतून दिसतं. जा."

"बरं, उरलेली तुम्ही सांगा. आम्ही मागून म्हणतो."

"आतल्याने म्हणायचं नसतं! एवढंही माहीत नाही आणि काठी घेऊन मिरवतोस. तुझा बाप असता तर त्याने त्याच काठीने सोलून काढलं असतं तुला."

आता मात्र सगळे मोठ्याने हसले. काकांचे कान लाल झाले. "हे नका घेऊ," ते कॅमेरावाल्या मुलीला म्हणाले. त्यांनी माझ्याकडून काठी काढून घेतली आणि सगळे पुढच्या घराकडे निघाले. मी पायरीवरच राहिले.

"आत्या, मी सोलांज."

"हातात कागद आहे?"

"नाही."

दार उघडलं. टेबलावर पिठाची पिशवी, लोण्याचा डबा, मासा, आणि कापून ठेवलेली हिरवी रिबीन.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुझीच आहे. मी खोटं बोलले, आणि ते तुला कळत होतं."

"नियम होता, आत्या..."

"नियम!" तिने पातेल्यावर झाकण आदळलं. "शाळेतल्या मिस हार्टरीचाही नियम होता. एका फ्रेंच शब्दाला एक पट्टी. मोजून मारायची, एकही जास्त नाही. हिशोबाची पक्की बाई. तुझ्यासारखी."

राग काकांवर धरला होता, तो आता धरायला जागा उरली नाही.

"पाचवं म्हण."

मला पाचवं येत नव्हतं. मी आवाज टिपायला फोन काढला.

"ठेव ते. मी सांगते, तू म्हण."

तिने एकदा सांगितलं. मी दुसऱ्याच ओळीत अडखळले. तिने हातातला लाकडी डाव टेबलावर आपटला. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. डाव पुन्हा आपटला, या वेळी माझ्या बोटांपासून फार तर दोन सेंटिमीटरवर. मी हात झटकन मागे घेतला.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने डाव पातेल्यात टाकला आणि दोन्ही हात एप्रनखाली घेतले.

"पुन्हा," ती म्हणाली. आवाजातला राग तसाच होता.