मामाचे गुडघे

प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ पोटात ठेवण्याआधीच तपासता येईल आणि भावाचा आजार तिच्यामार्फत बाळात उतरणं टाळता येईल, असं २००६ साली मुंबईच्या डॉक्टरांनी मनस्विनीला सांगितलं. ती हरखली. पण मालगुंडला माहेरी आल्यावर देवदत्तदादासमोर तिची जीभ रेटेना. दादाचं रक्त जन्मापासून लवकर गोठत नसे. जरा कुठे आपटला की आत रक्त साचून गुडघा टम्म सुजे. तरी शाळेतल्या पोरांचा सगळ्यांत लाडका मास्तर तोच.

शेवटी ती रडतच म्हणाली, "दादा, तुझ्यासारखं मूल नको म्हणून तपासणी करायची, हे मला कसंतरीच वाटतं. आईच्या वेळी ही सोय असती तर तू नसतासच."

"नसतो खरा," देवदत्त हसला. "पण आता आहे, आणि मजेत आहे. अगो, माझ्यासारखं मूल हवंच! फक्त हे गुडघे नकोत. ते दुखणं काय असतं ते मला विचार. जा तू बिनघोर."

पुढच्या वर्षी बारशाला त्याने धडधाकट भाच्याला मांडीवर घेतलं आणि त्याचे बाहेर आलेले कान बघून तो ओरडला, "मने, कान माझेच! हे तपासायचे राहिले वाटतं?"

मनस्विनी पोट धरून हसली. नाव सांगायला वाकलेल्या आत्यालाही हसू आवरेना.