बॅटरीवरचं सोनं

मी एक जुनी मोटार आहे. रंगाने पांढरी, म्हणजे एके काळी होते. आता उजव्या दारावर गंज चढला आहे आणि मागचा एक दिवा चिकटपट्टीच्या आधाराने जागेवर बसला आहे. माझा मुक्काम दिंद्रुडमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये असतो. मित्रांनो, म्हातारपणी एका जागी उभं राहिलं की जुन्या गोष्टी आठवत बसायचं एवढंच काम उरतं, आणि मला ते काम आवडतं. पण आज सांगणार आहे ती गोष्ट मी जागेपणी ऐकली की झोपेत, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण आहे ती माझ्या मालकांच्या, रामकिसन यांच्या हातांची. त्यांनी मला बीडहून घरी आणलं तेव्हा साऱ्या रस्त्याने ते स्टिअरिंग इतकं घट्ट धरून बसले होते, की जणू मीच पळून जाणार होते. आळीतली मी पहिली मोटार. पोरं माझ्या काचेत तोंड बघायची, म्हातारी माणसं माझ्या सावलीत तंबाखू मळायची. कितीतरी नवरदेव माझ्यात बसून लग्नाला गेले. एक मुलगी तर वडवणीच्या अलीकडे, दवाखाना गाठायच्या आतच, माझ्या मागच्या सीटवर जन्मली. ती आता कॉलेजात जाते आणि शेडवरून जाताना माझ्या टपावर हळूच थाप मारते. मी त्या थापेची वाट बघते, हे तिला ठाऊक नाही.

पण माझी खरी मिजास असायची भाऊबीजेला. मालकीणबाई, म्हणजे छबुबाई, यांचं माहेर तिकडे लांब, कडा गावाला. मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन त्या पुढच्या सीटवर बसायच्या. कडा जवळ आलं की त्यांचा आवाज बदलायचा, लहान मुलीसारखा व्हायचा. दारात त्यांचे भाऊ धुळाजी तांब्या घेऊन उभे असायचे. दारी आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घालतात ना, तसं ते आधी बहिणीच्या पायावर पाणी घालायचे आणि मग माझ्या पुढच्या चाकावर. "माझ्या बहिनीला हिनंच आणलं की," असं म्हणायचे. तापलेल्या टायरवर ते पाणी पडलं की मला जे वाटायचं, ते शब्दांत नाही सांगता येणार.

मग मालक गेले. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. त्याच साली धुळाजींना लकवा झाला आणि ते खाटेला खिळले. छबुबाईंचे गुडघे असे, की एसटीची पहिली पायरीसुद्धा त्यांना चढता येत नाही. त्या वर्षी घरात कुठलाच सण धरला नाही आणि पुढच्या वर्षी कड्याला जायचा विषय कुणी काढला नाही. मी शेडमध्ये उभी राहिले. मालकांचा मुलगा अंगद बीडला कचेरीत नोकरीला आहे. सुट्टीत आला की तो मला एक चक्कर मारून आणायचा. तेवढ्यावर मी तग धरून होते.

यंदाच्या दसऱ्याला अंगदने मनावर घेतलं. मला धुतलं, पुसलं, गावातून एक फेरी मारली आणि आईला सांगितलं, की ह्या भाऊबीजेला मी तुला मामाकडं नेतो.  छबुबाईंनी पदराने माझा आरसा पुसला, जो आधीच पुसलेला होता.

मालकांचा दसऱ्याचा एक नेम होता. ते माझं बॉनेट उघडायचे, बॅटरीच्या टोकावरची वायर सोडवायचे, तिथे साचलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने आणि ब्रशने घासून काढायचे, वायर परत आवळायचे आणि मग आपट्याचं एक पान बॅटरीवर ठेवून हात जोडायचे. आमच्याकडे दसऱ्याला ह्या पानाला सोनंच म्हणतात. अंगदने वडिलांचं बघून तसंच केलं. वायर सोडवली, टोक घासून लख्ख केलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

तेव्हा छबुबाई शेडमध्ये आल्या. दबक्या पावलांनी. नवरा गेलेल्या बाईने वाहनाची पूजा केली तर आळीतल्या बाया नावं ठेवतील, ही भीती त्यांच्या मनात होती. हळद नाही, कुंकू नाही, निरांजनही नाही. पदराआडून त्यांनी आपट्याचं एकच पान काढलं. इतकी वर्षं त्यांनी मालकांचा नेम उंबऱ्यातून, हातात ताट धरून पाहिला होता. पान बॅटरीवर ठेवतात एवढं त्यांना माहीत होतं. वायर आवळल्यानंतर ठेवतात, हे लांबून दिसलं नव्हतं. त्यांनी ते पान त्या लख्ख टोकाभोवती गुंडाळलं, पडू नये म्हणून दोऱ्याने बांधलं आणि पुटपुटल्या, "तुमच्या वाटचं सोनं वाहते बगा. नेम मोडायला नको."

त्या गेल्या. अंगद परत आला. कानाला फोन, नजर भलतीकडे. त्याने वायरीचा पकडा त्या टोकावर दाबून बसवला, पान्याने आवळला आणि वरून सढळ हाताने ग्रीस फासलं. पान आत, दोरा आत. त्याने किल्ली फिरवली. मी गप्प.

मित्रांनो, बॅटरीतला करंट पुढे आला नाही की आम्हा मोटारींना झोप लागते. पण ती पुरती झोप नसते. लोक बोलतात ते ऐकू येतं, फक्त पाण्याखालून ऐकू यावं तसं. मला सगळं माहीत होतं. माझ्या आणि माझ्या बॅटरीच्या मध्ये एक हिरवं पान होतं, बस्स. पण सांगणार कसं? हॉर्नसुद्धा वाजवता येईना.

अंगद म्हणाला, धुताना कुठेतरी पाणी गेलं असेल, वाळू दे. दुसऱ्या दिवशीही मी गप्पच. तो बीडला निघून गेला आणि मी स्वप्नं बघत राहिले. स्वप्नात मी कड्याच्या रस्त्याला असायचे, दोन्ही बाजूंना उसाचे तुरे हलत असायचे, आणि मालक गाडी चालवता चालवता काचेतून बाहेर हात काढून वारा मुठीत धरायचे. कधी स्वप्नात स्टिअरिंगवर कुणीच नसायचं आणि तरी मी बरोबर वळणं घ्यायचे. शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. त्यातून उन्हाचा कवडसा रोज माझ्या बॉनेटवरून सरकत जायचा, आणि दिवस गेला हे मला त्यावरून कळायचं.

दिवाळीला अंगद आला आणि स्टँडवरच्या मेकॅनिकला, बंकटला घेऊन आला. बंकट हाताने चांगला, पण दिवाळीची घाई, दुकानापुढे गाड्यांची रांग. त्याने किल्ली चालू ठेवली, लाइटचं बटण दाबलं, वायपरचं दाबलं. काहीच हलेना. फ्यूज पाहिले, ते धड होते. पकडा हाताने हलवून पाहिला, घट्ट होता. मीटरच्या सुया बॅटरीच्या टोकांच्या माथ्यावर टेकवल्या, बॅटरी भरलेली निघाली. बॅटरी भरलेली आणि पुढे अंधार, म्हणजे वायरिंग गेलं. त्यात बॉनेटखाली उंदरानं जमवलेला ज्वारीचा भुसा त्याला सापडला. मग काय, उंदरानं वायरी कुरतडल्या असा निकालच लागला. चौघांनी मला आळीच्या टोकापर्यंत ढकलून पाहिलं, पण करंटच नाही तर ठिणगी कुठून पडणार? मला परत ढकलत आणलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बंकट सांगून गेला, की सगळी वायर नवी ओढावी लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीला ती मिळायची मारामार. अंगद बराच वेळ माझ्या पायरीवर बसून होता. तो वाईट मुलगा नाही. शेवटी त्याने भंगारवाल्या अजिनाथला फोन केला. भाऊबीजेच्या सकाळीच टेम्पो येईल असं ठरलं. कड्याला जाण्यासाठी दुसरी गाडी मिळते का हेही त्याने विचारून पाहिलं, पण सणाच्या दिवशी रिकामी गाडी कुठली?

छबुबाईंनी करंज्यांचा भरलेला डबा फळीवर ठेवून दिला. त्या रडल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

भाऊबीजेची सकाळ. टेम्पो दारात उभा होता, अजिनाथ दोर सोडत होता. तेव्हा छबुबाई भिंतीला धरत शेडमध्ये आल्या. मुलाकडे न बघता, माझ्याकडे बघून बोलल्या.

"अंगद, हिला न्यायच्या आदी तेवढं सोनं काडून दे बाबा. तुझ्या बापाच्या नावानं वाहिलंय म्या. भंगारात नको जायला."

"कसलं सोनं, आई?"

"दसऱ्याचं. बॅटरीला बांदलंय."

अंगद त्यांच्याकडे बघतच राहिला. छबुबाईंना वाटलं तो रागावला. त्या खाली बघून म्हणाल्या, की कुणी बघू नये म्हणून बोलले नव्हते. अंगद पाना घेऊन आला. बॉनेट उघडलं, ग्रीस पुसलं, पकडा सोडवला. आत काळं पडलेलं, दाबून चपटं झालेलं पान होतं, आणि लाल दोरा. त्याने ते दोन बोटांनी अलगद काढून आईच्या तळहातावर ठेवलं. मग टोक पुसून पकडा परत त्यावर टेकवला.

मित्रांनो, मी जागी झाले.

बंकटने चालू ठेवलेली सगळी बटणं तशीच होती. माझे दिवे लागले आणि धुळीने भरलेल्या काचेवर वायपर उजवीकडे, डावीकडे करू लागले. दारातला अजिनाथ दोन पावलं मागे सरकला. अंगदने आत हात घालून किल्ली फिरवली. आधी खोकले, मग धूर सोडला, आणि मग माझा आवाज असा लागला की पत्रा थरथरला.

छबुबाई तळहातावरच्या पानाकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी म्याच बंद पाडली व्हय हिला?"

अंगदने त्यांचा हात मिटला. "न्हाई आई. तुज्या सोन्यानं बॅटरी भरल्याली ऱ्हायली. न्हाईतर उभ्या उभ्या कवाच उतरली असती." हे खरंही होतं.

अजिनाथ बिचारा रिकामा टेम्पो घेऊन गेला, जाताना एक करंजी खाऊन.

आम्ही कड्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ते सोनं माझ्या काचेपाशी ठेवलेलं होतं. दारात कुणी उभं नव्हतं. माझा आवाज ओळखून धुळाजींनी घरच्यांना खाट अंगणात आणायला लावली. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तांब्या मागितला. अंगदने मला खाटेला अगदी लागून उभं केलं. त्यांचा एकच हात हलत होता, तोही कापत होता. निम्मं पाणी खाटेवर सांडलं. उरलेलं छबुबाईंच्या पायांवर पडलं, आणि शेवटचे चार थेंब माझ्या चाकावर.

तर मित्रांनो, तुमची गाडी कधी चालू झाली नाही तर तिला लगेच मोडीत काढू नका. बॅटरीचा पकडा आधी सोडवून बघा. आणि घरातलं कुणी तिच्याकडे बघत गप्प उभं असेल, तर त्यालाही जवळ बसून एकदा विचारा.