चौथ्या गावासाठी डोकं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघं तिसऱ्या गावाहून बसने परत येत होतो आणि त्यांच्या डोक्यावर एकही केस उरलेला नव्हता.

"आता बोला," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी चौथ्या गावात काय कापून घेणार?"

बाबांनी खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळलं. "तेच बघतोय. भुवया आहेत अजून."

माझी बदली शहरातल्या मुख्य ग्रंथालयात झाली होती. आम्हा दोघांना राहायचं कुठे, शहरात की आसपासच्या चार लहान गावांपैकी एकात, एवढंच ठरवायचं होतं. मी माझ्या पद्धतीने तक्ता केला: भाडं, बसच्या वेळा, दवाखाना, बाबांच्या गुडघ्यांसाठी जिने. बाबांनी तो चष्मा लावून, मान डोलवत वाचला आणि घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. त्यांनी जन्मभर सलून चालवलं होतं. गाव बघायचं तर तिथल्या सलूनच्या खुर्चीत बसून बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

"गळ्याभोवती कापड बांधलं की माणसाला पळता येत नाही. मग गाव आपणहून बोलायला लागतं."

सुरुवात शहरापासून झाली. तिथे काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, पॅकेज कुठलं?" बाबा म्हणाले, "डोक्याचं." बाहेर आले तेव्हा कानांवरचे केस गायब होते आणि डोक्याला कसल्याशा फळाचा वास येत होता. "फोन नंबर विचारला, वाढदिवस विचारला," ते म्हणाले. "मी कोण, कुठला, हे काही कुणी विचारलं नाही."

पहिल्या गावातल्या कारागिराचा हात चांगला होता. पण आधीचं गिऱ्हाईक दाराबाहेर पडतं न पडतं तोच त्याने त्या माणसाची सगळी लफडी काढली. "आपली पाठ वळल्यावर काय होणार, कळलं ना?" बाबा म्हणाले. गाव बाद झालं, पण टाळूवरचे केस तिथेच राहिले.

दुसऱ्या गावात कापण्याजोगं फारसं काही नव्हतं म्हणून बाबांनी मिशा दिल्या. माझ्या जन्माच्या आधीपासूनच्या मिशा. तिथे टीव्ही किंचाळत होता आणि बाकावरचा प्रत्येकजण मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. "मिशा गेल्याचं काही नाही," बाबा बाहेर येऊन म्हणाले. "पण एकाने तरी हळहळायचं!"

शहरात राहणारा माझा थोरला भाऊ फोनवर करवादला. "अगं, ते घर शोधतायत की संन्यास घेतायत?"

तिसऱ्या गावातला कारागीर मात्र देवमाणूस होता. त्याने उरलेल्या खुंटांवरून इतक्या हळुवारपणे वस्तरा फिरवला की बाबांना डुलकी लागली. मला वाटलं, ठरलं एकदाचं. तर बसमध्ये बसल्यावर बाबा म्हणाले, "फळी बघितलीस?"

फळी म्हणजे लहान मुलांना उंच बसवायला खुर्चीच्या हातांवर आडवी टाकतात ती. माझं निम्मं बालपण तिच्यावर गेलंय.

"वर माळ्यावर टाकलीय, कोळिष्टकांत. त्या गावात पोरंच उरलेली नाहीत. सगळी म्हातारी. त्यांत आणखी दोघांची भर कशाला घालायची?"

"दोघांची? मी कुठे म्हातारी आहे?"

"तू तक्ते करतेस."

मग म्हणाले, "पुढच्या रविवारी खुर्चीत तू बस. माझं डोकं संपलं."

"अजिबात नाही. माझ्या केसांना परक्याने हात लावलेला मला चालणार नाही."

"का गं?"

ते नुसतंच विचारत नव्हते. बाहेर बघण्याचं नाटक करत होते, आणि काचेतून मला बघत होते.

"उगाच खर्च कशाला," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं स्वयंपाकघरात स्टूल मांडलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि माझे केस कापले. मागे आरसा धरून नेहमीसारखं विचारलं, "कसे झालेत?" फळीवर बसायचे तेव्हापासून मी जे उत्तर देत आले तेच दिलं. "ठीक आहेत." त्यांनी मान हलवली आणि कापड झटकलं.

सोमवारी सकाळी मी चहा गाळून कप घेऊन गेले, तोवर बाबा गेले होते. झोपेतच.

अंत्यदर्शनाला येणारे ते गुळगुळीत डोकं आणि बिनमिशांचा चेहरा पाहून दारातच थबकत. "एवढं मोठं दुखणं, आणि आम्हाला कळवलं नाहीत?" आत्या तर माझ्यावर कायमची रुसली. "आजार नव्हता गं," मी तिला सांगितलं, "आम्ही घर बघत होतो." यावर तिने दादाला बाजूला घेऊन माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

दादा म्हणाला, "आता प्रश्नच मिटला. एकटीच आहेस, आमच्या इमारतीत ये." बरोबरच होतं. तक्त्यातही शहरच वर होतं. मी हो म्हटलं, सामान बांधलं. केस तेवढे कापून घेत नव्हते. ते चष्म्यावर यायला लागले. "वाट दिसते ना तुला?" दादाने विचारलं.

शहरातल्या खोलीची किल्ली घ्यायची होती त्या रविवारी मी चौथ्या गावाच्या बसमध्ये बसले.

सलूनमध्ये दोन खुर्च्या. एकीवर फळी, फळीवर एक चिमुरडी, आणि तिचा टाहो: "कान कापतील!"

"तुझे कान घेऊन मी काय करू?" कारागीर म्हणाला. "माझेच मला जड झालेत तुझ्या रडण्याने."

ती आजीचं बोट धरून बाहेर पडली. मी कान टवकारले. तो बाकावरच्या काकांना म्हणाला, "रडते, पण हलत नाही. गुणाची आहे." मग माझ्याकडे वळला. "या ताई. तुमचेही कान शाबूत ठेवीन."

गळ्याभोवती कापड बांधलं. खरंच पळता येत नाही.

त्याने केस विंचरले, कात्री उचलली आणि थांबला. "आधी कुणी कापलेत? डावी बाजू जरा लांब सोडलीय. तुम्ही मान कलती धरता म्हणून. मोडू, का याच वळणाने जाऊ?"

हे कापले की बाबांच्या हातचं काही उरणार नव्हतं. मी आरशात बघत राहिले. त्याने कात्री खाली घेतली आणि घाई केली नाही.

"याच वळणाने," मी म्हणाले. आणि पहिली बट मांडीवर पडल्यावर, "इथे भाड्याने घर मिळेल का? एकटीला?"

"मागच्या गल्लीत आहे. पण मालकीण बोलते फार."

"पाठीमागे नाही हं सांगत," बाकावरून काका म्हणाले. "तिच्या तोंडावरही हेच म्हणतो तो. मालकीण माझी बायको आहे."

काम संपलं. त्याने माझ्या मागे आरसा धरला. "कसे झालेत?"

जिभेवर नेहमीचं उत्तर आलं.

"ठीक आहेत," मी म्हणाले. "माझे बाबा छान कापायचे. फार छान. त्यांच्यासारखे कुणालाच जमत नाहीत."