नावे काढलेली भाषणे

मी संख्याशास्त्रज्ञ आहे. दिल्ली आणि शेजारच्या राज्यांतली चिथावणीखोर भाषणे जमवून त्यांची तुलना करणे हे माझे काम. पूर्वग्रह टाळण्यासाठी मी त्यांतली देव, गाव आणि शत्रू यांची नावे काढतो आणि सगळी भाषणे यंत्राकडून एकाच आवाजात वाचून घेतो.

सरोजिनी नगरमधल्या शेजारीण प्रभाकाकू रविवारी थोरल्या मुलाला, श्यामला, घेऊन आल्या. तो अशी भाषणे देणाऱ्या एका संघटनेचा वक्ता होता. नुकताच बाहेर पडला होता. आता धाकटा विष्णू त्याच संघटनेच्या पानिपतच्या शिबिराला निघाला होता, आणि श्याम त्याला अडवायला तयार नव्हता.

"मी थकलो म्हणून सोडलं, दादा. आमचं म्हणणं चूक नव्हतं. विष ते पलीकडचे ओकतात."

"एवढा शहाणा आहेस, तर नावं काढल्यावर कुठलं भाषण कुणाचं ते ओळखून दाखव," काकू म्हणाल्या.

मी नावे काढलेली दोन भाषणे यंत्राच्या आवाजात ऐकवली. दुसरे अर्ध्यावर येताच तो हसला. "हे बिल्कुल त्यांचं. ऐकूनच किळस येते."

"ते तुझं आहे. करोल बागेतलं, मागच्या दिवाळीचं."

मी मूळ ध्वनिमुद्रण लावले. तीच वाक्ये, आवाज श्यामचा. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक आहे. पण माणूस स्वतःलाच शत्रू म्हणून ओळखतो, हे मी प्रथमच पाहत होतो, आणि ते मोजायला माझ्याजवळ कोणतेही परिमाण नव्हते.

श्यामने फोन लावला. "विष्णू, बॅग ठेव आणि दादांकडे ये. तुला एक भाषण ऐकवायचंय. माझंच."